माळ उतरली, डोळे पिवळेच

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर. कधी? १९७६ साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाटणच्या अलीकडच्या एका गावात, तिच्या सासरच्या अंगणात. त्या सकाळी काविळीची माळ तिच्या खांद्यांवरून निसटून पायांत पडली आणि घरादारानं ठरवलं की ती बरी झाली. तिचे डोळे तेव्हा हळद कालवल्यासारखे पिवळे होते. अन्याय कुणी केला, ते मात्र मला अजून नीट सांगता येत नाही. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, ठाऊक आहे. पहिल्या ओळीत अन्याय, दुसऱ्या ओळीत गुन्हेगार, तिसऱ्या ओळीत मागणी, अशी आमची शिकवण. इथं दुसरी ओळ लिहायला घेतली की हात थांबतो.

ती माळ काय असते ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. बांधावरच्या एका झुडपाच्या ओल्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि दोऱ्याच्या गाठींत एकेक अडकवायचे. माळ होते ती डोक्यावर बसेल एवढीच. दिवस जातील तशी ती लांबते. डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, पोटावर, आणि शेवटी एवढी मोठी होते की खांद्यांवरून सुटून पायांत पडते. माळ जेवढी खाली, तेवढी कावीळ खाली. पायांतून निघाली की कावीळ गेली. मग माळ नदीला सोडायची. सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही गावात जा, माळ देणारा माणूस त्या गावात नसला तर शेजारच्या गावात असतोच.

माळ लांबते ती खरोखर लांबते. हातचलाखी नसते. ओल्या काड्या वाळतात, वाळून बारीक होतात, त्यांच्याभोवतीच्या गाठी ढिल्या पडतात आणि प्रत्येक गाठीतून थोडा थोडा दोरा सुटत जातो. एवढंच. खुंटीला अडकवून ठेवली तरी लांबेल. आणि घाणेरड्या पाण्यातून होणारी साधी कावीळ बहुतेकांची विश्रांतीनं आपोआप बरी होते. इकडं माळ लांबते, तिकडं माणूस बरा होतो. दोन्ही बरोबरच होतं, म्हणून एकामुळं दुसरं झालं असं वाटतं.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. सांगलीत विश्रामबागला एका खोलीत राहणारी आम्ही कॉलेजची पोरं असली पत्रकं काढायचो. काविळीवरचं पत्रक मीच लिहिलं. आणीबाणी चालू होती. पत्रक म्हटलं की छापखानेवाले हात झटकायचे. आमच्या छापखान्याच्या मालकानं माझा कागद दोनदा वाचला, मग चष्मा काढला.

"कावीळ म्हणजे कावीळच ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे आडून दुसरं काही म्हणायचं नाही ना तुम्हाला? ही शेवटची ओळ बघा. 'ही कीड समूळ उखडून टाका.' कुठली कीड?"

"माळेची."

"मग माळ घालू नका, असं सरळ लिहा की राव. उखडायचं कशाला काढताय? मला बायकापोरं आहेत."

शेवटची ओळ गेली. वरची मोठ्या ठशात राहिली: 'कावीळ आपोआप बरी होते. माळ ही फसवणूक आहे.' मला ती ओळ फार आवडायची. वाचली की छाती फुगायची.

नवरात्रात मी त्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन आक्काच्या गावी गेलो. गावात पत्रकं वाटावीत आणि बहिणीलाही भेटावं, असा बेत. अंगणातच दाजी भेटले, म्हणजे तिचा नवरा.

"बरं झालं आलासा," ते म्हणाले. "तुमच्या आक्काला कावीळ झालीया."

आक्का सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. समोर तिचे सासरे बसलेले, म्हणून तिनं डोईवरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. त्या घरात सुनेनं सासऱ्याला तोंड दाखवायचं नाही, अशी पद्धत. सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पद्धत गेली नव्हती. पदराखालून मला तिची हनुवटी दिसत होती आणि नुकतीच गळ्यात उतरलेली माळ. ती दोन्ही तळवे भिंतीवर घासत होती.

"खाज येती रं लय," ती मला म्हणाली.

उत्तर सासऱ्यांनी दिलं. "माळ वढतीया. रोग बाहीर पडाय लागला की खाजतंच."

सासरे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मिशा अजून तशाच पिळलेल्या. मी त्यांना आबा म्हणायचो. ते मला पाव्हणं म्हणायचे, आणि त्या शब्दात मान किती आणि थट्टा किती हे मला कधी कळलं नाही.

"डॉक्टरला दाखवलं का?" मी विचारलं.

"दावलं की," दाजी म्हणाले. "तालुक्याला न्हेली हुती. त्यानं दारातनंच बगितलं. मला म्हनला, कावीळ हाय, हिला औषध नसतं, तेलकट दिऊ नगा, ऊस खाऊ द्या, जावा घरी."

"पोट तपासलं नाही?"

"रांग केवढी हुती! आन आमी तरी किती थांबावं? तितंच बाजूच्या खोलीत नसबंदीच्या केसा धरत हुते. मला यकच पोरगी हाय, पर तितं कोन मोजत बसतंय? दिसला बाप्या की घाल आत. मी हिला उटवली आन सुटलो."

आबा पुढं सरकले. "आता तुमीच सांगा, पाव्हणं. डॉक्टर म्हनतो औषध न्हाई. शिंपी म्हनतो माळ हाय. तुमी कुनाकडं जाल?"

डॉक्टर बोलला ते खोटं नव्हतं. साध्या काविळीला खरंच औषध नसतं. पण खरं बोलणारा माणूस दारातून रिकाम्या हातानं परत पाठवतो आणि ज्याला काही माहीत नाही तो काहीतरी देतो. याचं काय करायचं हे आम्हाला कुठल्या बैठकीत कुणी शिकवलं नव्हतं. मी शास्त्रावर बोलायला लागलो. आबांनी ऐकून घेतलं.

"शास्त्र व्हय?" ते म्हणाले. "हितं भूकंप झाला तवा तुमी शाळंत असाल. घरं पडली. मग सायब लोक जीपमधनं आलं, यंत्रं आनली, म्हनलं आता भ्यायचं कारन न्हाई. त्या दिसापास्नं किती येळा हाललं ते ह्या भितीला इचारा." आणि त्यांनी मागच्या भिंतीतली भेग दाखवली. तीत चिंध्या कोंबून वर शेण लिंपलं होतं.

ज्या माणसाला एकदा कुणी अर्धवट धीर दिला तो पुढं कशावर विश्वास ठेवील? आणि मग काड्यांच्या माळेवरच का ठेवतो? भेगेचा हिशेब तो चोख ठेवतो आणि माळेला कधी हिशेब विचारत नाही. हे मी तेव्हाही त्यांना विचारलं. "माळंनं कुनाचं घर पडलंय?" असं म्हणून ते उठून गोठ्याकडं गेले.

मी चिडून माळ देणाऱ्या त्या शिंप्याकडं गेलो. पत्रकात माळ देणाऱ्याला मी लुटारू म्हटलं होतं. हा लुटारू देवळामागच्या खोलीत मशीनवर बसून कुणाच्या तरी पोरीचा परकर शिवत होता. माळेचे तो पैसे घेत नव्हता. नारळसुद्धा नाही. काही घेतलं तर गुण जातो, अशी त्याची समजूत. रविवारी सकाळी चूळ भरायच्या आधी काड्या तोडून आणायच्या आणि शेवटची गाठ बसेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, एवढाच त्याचा नेम. तोही बापाकडून आलेला. लुटारू शब्दाचं काय करावं ते मला कळेना.

"मामा," मी म्हटलं, "मला कावीळ नाही. मला माळ घाला. बघू उतरते का."

मला वाटलं होतं, तो चपापेल. तो म्हणाला, "रविवारी ये. घालतो की."

"कावीळ नसताना उतरेल?"

"उतरंल."

"मग तिचा काविळीशी संबंध काय?"

त्यानं मशीनची चाकी हातानं थांबवली. "मी माळ बांदतो, लेका. उतरवनारा मी न्हवं." आणि पुन्हा पायडल मारायला लागला.

रविवारी मी माळ घातली. गावातून मुद्दाम तीच घालून फिरलो, पत्रकं वाटली. माझी माळ आक्काच्या माळेच्या मागून, पण तशीच उतरत गेली. दसऱ्याला ती माझ्या छातीखाली होती. संध्याकाळी सोनं द्यायला अख्खी आळी अंगणात जमली, तेव्हा मी पायरीवर उभा राहिलो आणि भाषण ठोकलं. मी ठणठणीत आहे, मला कावीळ नाही आणि नव्हती, तरी बघा ही माळ कुठपर्यंत आली. म्हणजे माळ उतरते ती काड्या वाळल्या म्हणून, कावीळ उतरते म्हणून नव्हे. याहून साफ पुरावा मी आयुष्यात दिलेला नाही.

लोक माळेकडं बघत राहिले. मग आबा म्हणाले, "नव्हती कशावरनं?"

"काय?"

"कावीळ. आत असंल, दडून बसल्याली. माळंनं वर यायच्या आदीच धरली."

"अहो आबा, माझे डोळे स्वच्छ आहेत, लघवी स्वच्छ आहे, मला दणकून भूक लागते..."

"आता लागती. माळ घातल्यावर."

सगळं अंगण हसलं. शेजारची म्हातारी पुढं आली, माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवून गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "वाचलास रं लेकरा. येळंवर घातलीस."

त्या सणाच्या दिवशी माझ्या ताटात बिनतेलाचं वाढलं गेलं. भजी पुढं आली तशी दाजींनी उचलून आपल्या ताटात घेतली. "पाव्हण्याला तेलकट नगं," ते म्हणाले, आणि हे ते थट्टेनं म्हणत नव्हते.

मी रागानं लाल झालो होतो. तरी हात धुवायला मागं गेलो तेव्हा भिंतीवरच्या आरशात मी माझे डोळे बघितले. पांढरे होते. मग खालची पापणी बोटानं ओढून पुन्हा बघितले. का बघितले? माझा माझ्या शास्त्रावर विश्वास होता. दुसऱ्यांदा का बघितले हे मला आजही सांगता येत नाही.

माळ उतरली तर कावीळ होती. नसती उतरली तर नव्हती म्हणाले असते. त्यांचं उत्तर आधीच तयार होतं, पुरावा नंतर आला. एवढं मला तिथंच कळलं आणि मी मनात त्याच्यावर एक पत्रक लिहायलाही घेतलं. पण मग डोक्यात आलं, माझं काय? आक्का बरी झाली असती तर मी म्हणालो असतो, बघा, आपोआप झाली. नसती झाली तर म्हणालो असतो, बघा, माळेनं काही होत नाही. माझंही उत्तर तयारच होतं. फरक आहे. नक्की आहे. माझी माळ कुणीही खुंटीला लावून तपासू शकतो, हा फरक आहे. पण त्या अंगणात उभं राहून तो फरक मला कुणाला दाखवता आला नाही.

त्याच दिवशी मी दाजींना बाजूला घेतलं. म्हटलं, दोन्ही माळा उतरतायत, हिचा पिवळेपणा उतरत नाही, हिला सांगलीला नेऊ या. दाजी आबांकडं बघायला लागले. आबांनी कमरेला खोचलेली कागदाची घडी काढली. माझंच पत्रक होतं.

"हे तुमीच लिवलंय न्हवं?"

"हो."

फौजेत शिकलेल्या अक्षरओळखीवर त्यांनी बोट ठेवून वाचलं. "कावीळ. आपोआप. बरी होते." मग वर बघितलं. "छापलंय की. मग सांगलीला कशापायी न्ह्यायची?"

"आबा, ते साध्या काविळीबद्दल आहे."

"तितं साधी लिवलंय का?"

नव्हतं लिहिलं. मोठ्या ठशात तेवढंच बसत होतं. वाक्य खरं होतं, अजूनही खरं आहे, आणि त्या खऱ्या वाक्यानं माझ्या बहिणीला घरात ठेवलं. याला खोटं म्हणावं की आणखी काही, त्याला शब्द मला सापडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ पायांत आली. आबा स्वतः ती घेऊन नदीला गेले आणि येताना गावात सांगत आले. दाजी आक्काला म्हणाले, "आता ऊठ. बसून बसून अंग आंबतं. मळ्यात गडी हाईत, भाकरी घिऊन जा." ती उठली. भिंतीला धरून उठली.

"तिचे डोळे तरी बघा!" मी ओरडलो.

"डाग जायाला येळ लागतो, पाव्हणं," आबा तिच्याकडं न बघता म्हणाले. "हळदीचं भांडं यका घासन्यात पांढरं हुतं का?"

मी आक्काकडं वळलो. वाटलं, ती तरी म्हणेल. ती म्हणाली, "मला बरं वाटतंय. गप बस तू."

तेव्हा तिच्यावर माझा राग निघाला, कारण बाकी सगळ्यांवर काढून झाला होता.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी ती अंगणात धुणं वाळत घालत होती. एकदम थंडी भरली. दात वाजायला लागले, हातातलं लुगडं खाली पडलं आणि तीही दोरीखालीच बसली. आबा तेवढ्यात दारातून येत होते. ती धडपडून पदर ओढायला गेली, पण हात थरथरत होते, पदर खांद्यावर आला आणि उन्हात तिचं तोंड आबांच्या समोर आलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी ते असं समोरून, उघडं, उजेडात पाहिलं नसावं. ते जागच्या जागी थांबले.

"हिचं डोळं..." ते मला म्हणाले. "कवापास्नं?"

"पहिल्यापासून, आबा."

"आन मला कुनी सांगितलं न्हाई?"

काय सांगू? मी घसा फोडून तेच सांगत होतो. त्यांनी ऐकलं नव्हतं असं नाही. त्या घरात निर्णय घेणारा माणूस आजारी बाईचं तोंड बघू शकत नव्हता. त्याला दिसत होती ती पदराखालची माळ. दररोज माळ बघायची आणि खाली आली की समाधान मानायचं. तालुक्याच्या डॉक्टरनं दारातून बघितलं आणि बोलला नवऱ्याशी. मी बघत होतो, पण पुरावा म्हणून कुणाला दाखवता येईल का यासाठी.

"पर माळ तर उतरली," आबा म्हणाले. हे ते मला ऐकवत नव्हते. विचारत होते.

मी आक्काला उचलून सावलीत आणलं आणि आल्यापासून पहिल्यांदा तिला विचारलं, शौचाला कसं होतं? तिनं तोंड फिरवलं. मग हळूच म्हणाली, "पांढरं. शाडूवानी." कितीतरी दिवस तसं होत होतं. कुणी विचारलं नव्हतं, आणि हे बाप्यांना आपणहून सांगायचं कसं? साध्या काविळीत असं सहसा राहत नाही, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं.

आता न्यायची कुठं? तालुक्याचं नाव काढताच दाजी मागं सरले. सांगलीचं काढलं तर म्हणाले, मोठ्या दवाखान्यात तर हमखास धरतात. मी काविळीवर बोललो, पित्तावर बोललो, यकृताचं चित्र काढलं जमिनीवर. आबा चित्राकडं बघत होते आणि त्यांच्या डोक्यात काही जात नव्हतं. मग मी सहज म्हणालो, सांगलीत एक सर्जन आहेत, पूर्वी मिल्ट्रीत डॉक्टर होते.

आबांनी मान वर केली. "फौजेत व्हता?"

"होते काही वर्षं."

"मग आदी का न्हाई सांगितलं?" ते उठले, खुंटीवरचा कोट घेतला. "फौजंतला डॉक्टर इनाकारन कापत न्हाई आन खोटं बोलत न्हाई."

"आबा, तुमी जाताय?" दाजींनी विचारलं.

"मीच जातो. माझं आता काय कापनार हाईत?"

तेच पोट, तीच शस्त्रं, तेच शास्त्र. मी आठवडाभर बोललो त्यातलं अक्षर त्यांना पटलं नाही आणि एका शब्दानं माणूस कोट घालून उभा राहिला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण मी त्यांना पटवलं नव्हतं, त्यांच्या आतली एक कळ नकळत माझ्या हाताला लागली होती. हीच कळ उद्या एखादा फौजेतला भोंदू दाबेल तेव्हा? मला ठाऊक नाही. तरी ती पुन्हा दाबायची वेळ आली तर मी दाबीन. हे बरोबर की चूक, कुणाला कळत असेल तर त्यानं सांगावं.

कराडला एसटी बदलून आम्ही सांगलीला आलो. सबंध वाट आक्का खिडकीशी थंडीनं कापत होती, आणि समोरच्या बाकावर सासरे होते म्हणून एका हातानं पदर धरून होती. कराडच्या पुढं आबा उठले आणि आमच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. "आता सोड पोरी पदर," मागून म्हणाले. तिनं सोडला नाही.

सर्जननी आधी तिच्याशीच बोलायला सुरुवात केली. कुठं दुखतं, कधीपासून, खाज कधी सुटली, रंग कसा. पोटाला हात लावून बरगडीखाली दाबलं तशी ती कळवळली. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. त्यामुळं पित्त अंगात चढत होतं आणि आता त्यात जंतू शिरून ताप चढला होता. ही कावीळ आपोआप जाणारी नव्हे, डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं थांबला असतात तर मला काही करता आलं नसतं. ऑपरेशन झालं. दोन दिवस जगते की मरते अशी होती. आबा व्हरांड्यात बसून होते, डॉक्टर दिसले की ताडकन उभे राहायचे. मग पिवळेपणा उतरत उतरत डोळे पांढरे झाले.

ती वाचली. पत्रकात इथं टाळ्या असतात.

गावात काय झालं ऐका. आबा सांगत सुटले, फौजेचा डॉक्टर, म्हणून वाचली. आळी म्हणाली, माळेनं कावीळ उतरवली, खडा तेवढा राहिला होता, तो सांगलीत काढला. खड्याला माळ काय करणार? दाजी म्हणाले, पत्रक छापनाऱ्या पाव्हण्यानं सुद्धा माळ घातली आन त्यालाबी गुण आला. माळ घालून मी सगळ्या गावातून फिरलो होतो ना. त्या दिवाळीत शिंप्याकडं लांबलांबून माणसं येत होती, असं ऐकलं. मी खोटं ठरवायला गेलेल्या गोष्टीचा मीच दाखला झालो.

आक्का माहेरपणाला आमच्या घरी आली तेव्हा मी तिला विचारलं. वाटलं, इथं तरी कुणी माझ्या बाजूचं भेटेल.

"तुला राग नाही येत?"

"कुनाचा?"

"त्यांचा. उठवून भाकरी द्यायला पाठवलं तुला, मरायला लागली होतीस."

ती भाजी निवडत होती. "त्यांस्नी वाटलं मी बरी झाली. मलाबी वाटलं. माळ उतरली म्हनल्यावर खरंच हलकं वाटलं रं दोन दिस. ते काय मी नाटक करत हुते?"

"मग कुणाचाच राग नाही?"

"तुझा येतो."

"माझा? मी तर..."

"मी सोप्यात खाजवून खाजवून सालटं काडत हुते आन तू माळ घालून गावात मिरवत हुतास. दसऱ्याला पायरीवर उभा राहून भाशन केलंस. मी भितीआडनं ऐकत हुते. लय हसलं लोक. तू माझ्यासाठी आलावतास का माळंसाठी?"

मी तिला पुराव्याचं समजावून सांगायला लागलो. तिनं ऐकलं. शेवटी म्हणाली, "शाडूवानी हुतं का, हे तू पैल्या दिशी इचारलं असतंस तर?" आणि भाजीचं ताट उचलून आत गेली.

मी अजून पत्रकं काढतो. माळ ही काड्यांची आणि गाठींची करामत आहे, हे मी शेवटपर्यंत म्हणणार आणि ज्याला पटत नाही त्याच्या तोंडावर म्हणणार. पण ती जिवंत आहे ती माझ्या पटवण्यानं नाही, पदर घसरल्यानं आणि फौजेच्या नावानं. एवढ्या कच्च्या आधारावर कुणा बाईचा जीव राहू नये.

म्हणून तुम्ही, हे वाचणारे, एवढं करा. तुमच्या घरात कुणी पिवळी पडली असेल तर तिला उठवून अंगणात उजेडात आणा. सासरा समोर असला तरी पदर मागं सारायला सांगा, आणि त्यालाही बघू द्या. खाज येते का, लघवी गडद होते का, शौचाला पांढरं होतं का, थंडी वाजून ताप येतो का, हे तिला विचारा. नवऱ्याला विचारू नका. यातल्या कशालाही हो म्हणाली तर त्याच दिवशी तिला मोठ्या दवाखान्यात न्या. आणि तिथल्या डॉक्टरनं दारातून बघून परत पाठवलं तर दारातून हलू नका. पोटाला हात लावून तपासा आणि काय झालंय ते तिच्याशी बोला, असं त्याला सांगा. मोठ्यानं सांगा, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.